मोरीच्या पल्याडची जमीन

पितृपंधरवडा संपत आला की पुण्यातलं ऊन बदलतं. महिनोन्महिने ढगांमागे पडून राहिलेलं ऊन एकदम उठून बसतं, आणि सकाळी सातलाच डोळ्यांत शिरतं. धायरीतल्या आमच्या गॅलरीतून समोरची टेकडी दिसते. तिच्यावर सोनकीचा पिवळा रंग चढतो, गवताची टोकं तांबूस होतात, आणि ओलं गवत वाळायला लागल्याचा एक गोडसर वास घरात येतो. त्या वासानं कोणाला नवरात्र आठवत असेल, कोणाला सहामाही परीक्षा. मला पेट्रोल आठवतं. विमानाचं, फिकट निळ्या रंगाचं पेट्रोल. ते काचेच्या नळीत घेऊन उजेडाकडे धरायचं आणि तळाशी पाण्याचा थेंब नाही ना ते बघायचं.

आज सकाळी मी अशीच गॅलरीत उभी होते. मुलीनं ब्रश करता करता विचारलं, "आई, काय बघतेयस एवढं?"

"वारा," मी म्हटलं.

ती चूळ भरायला आत गेली. तिला सवय आहे.

मी अकोल्याहून पुण्यात आले तेव्हा चोवीस वर्षांची होते. बिबवेवाडीत एका घराच्या वरच्या खोलीत आम्ही तिघी राहायचो. ऑफिस येरवड्याच्या अलीकडे, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. शतक संपत आलं होतं, आणि जगभरातल्या जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे दोनच आकडे लिहिलेले असल्यानं सगळे धास्तावले होते. परदेशातल्या एका विमा कंपनीचे असले प्रोग्रॅम आमच्याकडे दुरुस्तीला यायचे. बाकीचे दुरुस्त करायचे आणि मी तपासायचे. शेवटी माझी सही झाली की ते परत समुद्रापलीकडे जायचे. एसीच्या गार हवेत बसून मी दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचे आणि त्याचा मला चांगला पगार मिळायचा. शहरात रोज काहीतरी नवीन उघडत होतं. रस्त्यावर आठवड्यापूर्वी न पाहिलेल्या गाड्या दिसायच्या. आपल्याला काहीही करता येईल असं वाटण्याचे ते दिवस होते, आणि मला विमान चालवायचं होतं.

शहर संपून ऊस सुरू व्हायचा तिथे तेव्हा एक छोटा फ्लाइंग क्लब होता. आता तो नाही. त्या जागी पंधरा पंधरा मजल्यांच्या इमारती आहेत, आणि त्यांच्या मधल्या रस्त्यावरून जाताना मला दिशाही ओळखता येत नाहीत. तेव्हा तिथे एक पत्र्याचं हँगर, एक कौलारू ऑफिस, दोन जणांचं एक पांढरं विमान आणि एक धावपट्टी होती. धावपट्टीला सगळे नुसतं पट्टी म्हणायचे. अर्धी पट्टी जुन्या डांबराची, पुढची मुरुमाची. जिथे डांबर संपायचं तिथून थोडं पुढे, पट्टीखालून ओढ्याचं पाणी काढून देणारी एक दगडी मोरी होती. पावसाळ्यात उड्डाणं बंद असायची. पाऊस ओसरला, पट्टी वाळली, की क्लबचा हंगाम सुरू व्हायचा.

शिकवायला देवस्थळी सर होते. हवाई दलातून निवृत्त झालेले, सडसडीत, कायम इस्त्रीच्या शर्टातले. ते कधी ओरडायचे नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. माझं पहिलंच लँडिंग तीन उड्या मारत झालं तेव्हा ते शांतपणे म्हणाले होते, "छान. यातलं नेमकं कोणतं लँडिंग वहीत लिहू?"

आणि बबनराव होते. पट्टीच्या शेजारच्याच गावातले. पट्टीखालची थोडी जमीन एके काळी त्यांच्या घरची होती. ती गेली, आणि तिच्यावरच राखण करायची, गवत काढायची, खड्डे भरायची नोकरी त्यांना मिळाली. वीस वर्षं ते ती पट्टी सांभाळत होते. डोक्याला टॉवेल, हातात पहार. त्यांना विमानाबद्दल फारसं कौतुक नव्हतं. विमान गेलं की त्याच्या चाकांनी काय उकरलं ते बघायला ते लगेच पट्टीवर यायचे.

उड्डाणाआधी पट्टी चालायची असा नियम होता. एकानं डाव्या अंगानं, एकानं उजव्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मान खाली घालून. सुटा दगड दिसला की घमेल्यात टाकायचा. खचलेली जागा दिसली की सांगायचं. मग ऑफिसातल्या वहीत 'पट्टी तपासली' असं लिहून सही करायची. "आकाशात खड्डे नसतात," सर म्हणायचे, "ते सगळे आपल्याकडे असतात."

त्या वर्षी पाऊस जरा जास्तच रेंगाळला. मी दर शनिवारी स्कूटरवरून जायचे आणि चिखल बघून परत यायचे. ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या माझे पाय टेबलाखाली विमानाची शेपटी वळवणारं रडर दाबायचे. शेवटी एका रविवारी सकाळी मी गेले तर आकाश धुतल्यासारखं निळं, वारा सरळ पट्टीच्या रेषेत आणि मुरूम वरून वाळून फिका पडलेला. पट्टीच्या दोन्ही बाजूंना कुर्डूचे गुलाबी पांढरे तुरे डोलत होते. देवस्थळी सर हँगरच्या दाराशी चहा घेत उभे होते.

"आधी आपण दोघं एक चक्कर मारू," ते म्हणाले. "ती बरी झाली, तर मी खाली उतरतो. मग तुम्ही एकट्या जा."

एकटीनं पहिलं उड्डाण. मी दीड वर्ष त्या एका वाक्याची वाट बघत होते. मी "हो सर" म्हटलं आणि पट्टी चालायला जवळजवळ पळतच निघाले.

बबनराव डाव्या अंगाला होते. निघताना ते म्हणाले, "ताई, मोरीच्या पल्याड जरा दाबून बघा. तिथं पाणी मुरलंय आवंदा. वरनं वाळल्यालं दिसतंय, पर खाली काय हाय ते सांगता येत न्हाई."

मी मान डोलावली. डांबरावरून भराभर चालत गेले. चार-पाच दगड उचलले. मोरीच्या अलीकडे आले, तेवढ्यात मागे इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. सरांनी इंजिन गरम करायला घेतलं होतं. तो आवाज माझ्या अंगात भरला. मोरीच्या पुढची पट्टी मी उभ्या जागेवरून पाहिली. सपाट, कोरडी, उन्हात चमकणारी. काही वावगं दिसेना. बबनराव पलीकडच्या अंगाला वाकून काहीतरी उचलत होते. मी वळले आणि परत आले. वहीत 'पट्टी तपासली' लिहिलं आणि झोकात सही केली.

सरांबरोबरची चक्कर उत्तम झाली. पट्टीच्या सुरुवातीला विमान थांबवून ते उतरले, आपल्या खुर्चीचा पट्टा नीट बांधून ठेवला आणि दार लावताना म्हणाले, "माझं वजन आता नाही. विमान लवकर उठेल, दचकू नका." मग ते बाजूच्या गवतात जाऊन उभे राहिले, हातात छोटा वायरलेस घेऊन.

शेजारची रिकामी खुर्ची मला अजून आठवते. तिच्याकडे बघून मला हसू फुटलं. मी इंजिनाचं थ्रॉटल पुढे ढकललं.

डांबर संपेपर्यंत सगळं पाठ केल्यासारखं झालं. मुरुमावर आले तशी चाकं थोडी जड धावायला लागली. आतून जमीन ओली होती. सरांनी सांगितलं होतं तसं विमान लवकर उठेना. मोरी आली, मोरी गेली, आणि मी नाक उचलायला हात मागे घेतला तेवढ्यात उजव्या बाजूनं धाडकन आवाज आला. विमान उजवीकडे बसलं, आपटलं आणि लाथ मारल्यासारखं वर फेकलं गेलं. वेग पुरेसा नव्हता. पंखातली धोक्याची शिट्टी वाजायला लागली. ती वाजते म्हणजे विमान आता उडणार नाही, पडणार.

नाक खाली घ्यायचं. जमीन समोर दिसत असताना नाक खाली घ्यायचं, हे सरांनी माझ्याकडून पन्नास वेळा करून घेतलं होतं. मी घेतलं. कुर्डूचे तुरे काचेच्या इतके जवळ आले की त्यांचा रंग दिसला. विमान गवताला घासत असल्यासारखं पुढे गेलं, वेग आला, शिट्टी थांबली. मग ते हळूहळू चढायला लागलं.

मी उजवीकडे खाली पाहिलं. आमच्या विमानाचे पंख डोक्यावर होते, त्यामुळे खिडकीतून चाक दिसायचं. चाक होतं, पण ते बाहेरच्या बाजूला वाकडं लोंबत होतं.

वायरलेसवर सरांचा आवाज आला. "वैशाली, ऐकू येतंय?"

"हो सर."

"तू आत्ता उत्तम उडते आहेस. तशीच उडत राहा. गोल फिर, आठशे फुटांवर. इंधन भरपूर आहे, घाई कोणालाही नाही."

त्यांनी मला पहिल्यांदाच तू म्हटलं होतं.

पुढचा अर्धा तास मी वर होते. लोकांना वाटतं तो वेळ मी भेदरून काढला असेल. भीती होतीच. पण तिच्याइतकाच, खरं तर तिच्याहून जास्त, आनंद होता. मी एकटी उडत होते. दूर सिंहगडावरचा मनोरा दिसत होता. खडकवासल्याचं पाणी काठोकाठ भरून चमकत होतं. उसाची रानं, विटांच्या भट्ट्या, कोणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी. सगळं शहर वाढत वाढत माझ्याकडे येत होतं आणि मी त्याच्यावरून वळत होते. डावीकडे कललं की आकाश खिडकीत यायचं, उजवीकडे कललं की ते वाकडं चाक. आणि चाक दिसलं की मला हे माहीत असायचं की तिथे मी गेलेच नव्हते. त्या आनंदाच्या मधोमध ती एक गोष्ट खड्यासारखी रुतून बसली होती.

खाली सर आणि बबनराव यांचं काहीतरी बोलणं चाललेलं मला वरून दिसत होतं. दोन ठिपके, एक हात करून दाखवणारा. मग वायरलेसवर खरखर झाली आणि वेगळाच आवाज आला.

"ताई, ऐकू येतंय का?"

"येतंय, बबनराव."

"हे बघा. डांबर जिथनं चालू हुतंय तिथंच टेका. डाव्या अंगाला ऱ्हावा, तिथं जमीन दगडावानी हाय. मोरीपतुर येऊ नगा. आन चाक मोडलं तर इमान उजवीकडं जाईल. जाऊ द्या. तिकडं समदं मऊ रान हाय, एक दगूड न्हाई. म्या सोता येचलंय."

मग वायरलेसवर परत सर आले. "आधी डावं चाक टेकव. उजवा पंख जितका वेळ वर धरता येईल तितका धर. टेकायच्या आधी इंजिन बंद. बाकी बबनराव म्हणतायत तसं."

मी वळले, पट्टी समोर आली. इंजिन बंद केलं तेव्हा इतकी शांतता झाली की वाऱ्याचा आवाज ऐकू आला. डावं चाक टेकलं. हलकंच. मी उजवा पंख वर धरला, धरला, वेग कमी होत गेला आणि शेवटी पंखच जड झाला आणि खाली आला. उजवं चाक मोडून मागे गेलं. विमान खरवडत उजवीकडे वळलं, गवतात घुसलं, पंखाचं टोक मातीत रुतलं आणि एक गिरकी घेऊन सगळं थांबलं. काचेवर कुर्डूचे तुरे चिकटले होते.

सर भराभर चालत आले. पळत आले असं मी म्हणणार नाही; त्यांना ते आवडणार नाही. त्यांनी दार उघडलं.

"स्विच बंद केले?"

"हो सर."

"पेट्रोल?"

"बंद."

"मग आता रडायला हरकत नाही," ते म्हणाले.

पण मला रडू येईना. मी हसत होते, आणि पट्टा शेवटी बबनरावांनीच सोडला.

दुपारी क्लबचे सेक्रेटरी आले. शहरात त्यांचा मोठा व्यवसाय होता आणि रविवारी बोलावलेलं त्यांना आवडलं नव्हतं. त्यांनी विमानाचा मोडलेला पाय पाहिला, पंख पाहिला, मग मोरीच्या पल्याडचा खड्डा पाहिला. सरांबरोबरच्या चकरेत वरची मुरुमाची पापडी नुसती तडकली असणार; आता ती फुटून आत हातभर पोकळी दिसत होती. मोरीच्या बाजूनं झिरपून पाण्यानं खालची माती वाहून नेली होती. ऑफिसात येऊन ते बबनरावांकडे वळले.

"तुम्हाला ठेवलंय कशाला? एवढा खड्डा दिसला नाही?"

बबनराव खाली बघत उभे राहिले. सांगता आलं असतं त्यांना. मला सावध केलं होतं आणि मी परत फिरले ते त्यांनी पाहिलंही असणार. ते काही बोलले नाहीत.

देवस्थळी सर म्हणाले, "उड्डाणाला परवानगी मी दिली. जे काही लिहायचं ते माझ्या नावावर लिहा."

"तुमच्या नावावर लिहिलं तर तुमचं शिकवणं थांबेल, सर."

"मला दिसतंय ते."

वही टेबलावर उघडीच होती. माझी सही अजून ताजी दिसत होती. मी म्हटलं, "उजव्या बाजूची पट्टी मी चालले. मोरीपर्यंतच. पुढे गेले नाही. बबनरावांनी दाबून बघायला सांगितलं होतं. मी न बघता सही केली."

बाहेर कोणीतरी विमानाला दोर बांधत होतं, त्याचे आवाज येत होते. सेक्रेटरींनी पेन उचललं आणि मी सांगितलं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. सर खिडकीबाहेर बघत होते. निघताना माझ्याशेजारून जाताना ते एवढंच म्हणाले, "या वेळी लँडिंग एकच झालं. लिहिताना सोपं गेलं."

संध्याकाळी बिबवेवाडीच्या कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून मी बाबांना फोन केला. बाबा अकोल्याला शाळेत गणित शिकवायचे. मी सगळं सांगितलं, सहीसुद्धा.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुले लागलं तं नाही?"

"नाही, बाबा."

"मंग आता थे काम सोडून देशील का?"

"नाही."

"नको सोडू. पर अर्धं गणित तपासून पूर्ण मार्क दिले तुनं. आता जाय, अन् राह्यलेलं तपास."

सरकारी अधिकारी येऊन पाहणी करून गेले. पट्टी पुन्हा पक्की होईपर्यंत उड्डाणं बंद आणि विमान दुरुस्तीला, असं ठरलं. मला दोन महिने एकटीनं उडायची मनाई झाली. विमानच नव्हतं तर मनाईला अर्थ काय, असं सर म्हणाले, पण मनाई झाली. मी तरी दर शनिवार-रविवारी जात राहिले. जुने कपडे घालून, स्कूटरला घमेलं अडकवून.

बबनरावांनी मला पहिल्या दिवशी पहार दिली. "मारा," म्हणाले. मी मारली. "आता हितं मारा." मारली. "फरक कळला?"

मला कळला नव्हता. चौथ्या दिवशी कळला. घट्ट जमिनीवर पहार टणकन उडते आणि हाताला झिणझिण्या येतात. पोकळ जमिनीवर ती बद्द वाजते आणि हाताला काहीच लागत नाही. आम्ही मोरीपासून शेवटच्या टोकापर्यंत दर दोन पावलांवर पहार मारत गेलो. अजून तीन ठिकाणी बद्द वाजलं. त्या जागा खणल्या, दगड भरले, त्यावर खडी, त्यावर मुरूम, पाणी मारून धुम्मसानं ठोकणं. मोरीची बाजू दगडांनी बांधून काढली. ऊन वाढत होतं, आकाश रोज जास्त निळं होत होतं. दुपारी बांधावर बसून आम्ही भाकरी खायचो आणि ते मला त्या जमिनीची हकीकत सांगायचे. कुठे ज्वारी चांगली यायची, कुठे विहीर होती, ओढा पूर्वी कुठून वाहायचा.

एकदा मी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही बोलला का नाही, बबनराव?"

त्यांनी कांदा फोडला. "तुमी बोलनार हुता ना," म्हणाले.

ऑफिसात माझं हसं व्हायला लागलं होतं, कारण मी सही करायला फार वेळ लावायचे. एखादा प्रोग्रॅम तारखेपाशी बरोबर चालला तरी मी त्याला आणखी पाच तारखा घालून बघायचे. मॅनेजर म्हणाले, "अगं, डेडलाइन आहे." मी म्हटलं, "आहे ना, पण वरनं वाळलंय." त्यांना ते कळलं नाही. पण एका प्रोग्रॅममध्ये लीप वर्षाची चूक सापडली, आणि मग त्यांनी विचारणं सोडलं.

विमान थंडीत परत आलं. नवीन पाय, नवीन रंगाचं पंखाचं टोक. दुरुस्तीनंतरची चाचणी सरांनी घेतली. दोन चकरा मारून ते उतरले आणि इंजिन चालू ठेवून त्यांनी बबनरावांना हात केला. बबनरावांना वाटलं काहीतरी मोडलं. ते पहार घेऊन पळत गेले.

"पहार ठेवा," सर म्हणाले. "बसा आत."

वीस वर्षांत त्यांना कोणी हे विचारलं नव्हतं. त्यांनी टॉवेल झटकला, परत डोक्याला बांधला, चपला काढून हँगरजवळ ठेवल्या आणि अनवाणी विमानात चढले. मी खाली उभी राहून ते पांढरं विमान लहान होत जाताना बघत होते. नव्या मुरुमावरून ते एकदाही न अडखळता उठलं.

उतरल्यावर बबनरावांनी चपला घातल्या. पट्टीकडे पाहिलं, मग आकाशाकडे.

"लई बारीक दिसती हो वरनं," ते शेवटी म्हणाले. "दोऱ्यावानी. कडंच कळत न्हाईत. एवढ्याशा पट्टीवर तुमी उतरता व्हय?"

"हो," मी म्हटलं.

"आन त्या दिशी बी अशीच दिसत हुती?"

"अशीच."

त्यांनी पहार उचलली आणि ते पट्टीच्या कडेकडेनं चालत निघाले.

पुढच्या शनिवारी माझी मनाई संपली. मी पट्टी चाललेच होते, पण अजून धुकं होतं, त्यामुळे मला पायापुढचंच दिसलं. नऊला धुकं विरलं. इंजिन गरम करून सर खाली उतरले, शेजारची खुर्ची रिकामी झाली, आणि मी निघाले. नजर नाकासमोर, कडांकडे लक्षच नाही. वेग, मोरी, मोरी मागे, आणि चाकं सुटली. काहीच झालं नाही. इतकं काहीच झालं नाही की मी मोठ्यानं हसले. आठशे फुटांवर गेले, वळले, आणि उतरायला पट्टी शोधली.

पट्टीच्या दोन्ही कडांना, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन सरळ पांढऱ्या रेघा होत्या. चुन्याच्या. हातानं ओढलेल्या, कुठे जाड, कुठे बारीक, पण उसाच्या हिरव्या रानात इतक्या स्वच्छ की डोळे मिटले तरी दिसल्या असत्या. कोणी सांगितल्या नव्हत्या. दूर हँगरजवळ टॉवेल बांधलेला एक माणूस उभा होता, कोपरापर्यंत पांढरा झालेला.

मी त्या दोन रेघांच्या बरोबर मधोमध उतरले.